उन्हाळे आणि पेव : ‘भूऔष्णिक’ या संज्ञेची चिकित्सा

घर उबदार अथवा थंड राखण्यासाठी जमिनीत नळ्या पुरून चालविल्या जाणाऱ्या यंत्रणेस मराठीत ‘भूऔष्णिक’ हे विशेषण लावले जाऊ लागले आहे. संज्ञा सुघटित आहे. संधिनियमाने तिचे रूप ‘भ्वौष्णिक’ व्हावयास हवे होते, हे खरे. परंतु उच्चारसौकर्यापुढे वैयाकरणाने येथे माघार घेतली तर काही बिघडत नाही. हिंदीत रूढ असलेल्या ‘भूतापीय’पेक्षा ती मराठीस अधिक मानवते, कारण मराठीत ‘ताप’ म्हटले की ज्वर आणि उपद्रव हे दोन्ही अर्थ हटकून जागे होतात. संज्ञेचा दोष रचनेत नसून अर्थव्याप्तीत आहे, आणि तो इंग्रजी ‘जिओथर्मल’मधून जसाच्या तसा मराठीत उतरला आहे.

ग्रीक ‘गे’ काय किंवा संस्कृत ‘भू’ काय, दोन्ही शब्द पृथ्वी हा ग्रह आणि पायाखालची जमीन असे दोन अर्थ वाहतात. ‘भूगर्भ’ आणि ‘भूखंड’ यांतील ‘भू’ एकच नव्हे. आइसलंडमधील रेक्याविक येथे १९३० साली, जेथे लोक पूर्वापार धुणी धूत आले त्या उष्ण झऱ्यांच्या परिसरातील पाणी सुमारे ३ किलोमीटर नळाने नेऊन एक शाळा आणि काही घरे उबविण्यात आली. आज त्या देशातील दहांपैकी सुमारे नऊ घरे भूगर्भाच्या उष्णतेने उबतात. तेथे पाणी मुळातच खोलीपेक्षा कितीतरी उष्ण असते. ते घरापर्यंत पोहोचविले की काम झाले. ‘भूऔष्णिक’ ही संज्ञा या व्यवस्थेस निरपवाद लागू पडते.

स्वीडनमधील एखाद्या घराखालच्या विंधनविवराची गोष्ट निराळी आहे. देशाच्या दक्षिण भागात तेथील खडकाचे तापमान सात-आठ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. असा खडक घरास ऊब देतो हे विधान शब्दशः घेतले तर हास्यास्पद ठरेल. त्या खडकातील उष्णता उपसून पस्तीस अंशांपर्यंत चढविण्याचे काम विजेवर चालणारा उष्णतापंप करतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, याने १८५२ मध्ये या पंपाचे तत्त्व मांडले, आणि जमिनीतून उष्णता घेण्याच्या कल्पनेस हाइनरिख झोएली याने १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळविले. एक एकक वीज खर्चून तीन ते चार एकके उष्णता मिळते, हा या यंत्रणेचा खरा गुण होय.

या उष्णतेत पृथ्वीच्या अंतर्भागाचा वाटा किती, हा कळीचा प्रश्न आहे. भूखंडांवर अंतर्भागातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी ०.०६५ वॉटच्या आसपास असते. २०० चौरस मीटरच्या आवाराखालून, म्हणजे, सुमारे १३ वॉट वर येतात, आणि घराची हिवाळी गरज कित्येक हजार वॉटची असते. तफावत भरून निघते ती खडकात आधीच साठलेल्या उष्णतेतून. आणि तो साठा पुन्हा भरला जातो तो मुख्यतः पृष्ठभागाकडून, म्हणजे सूर्य, हवा आणि पाऊस यांच्याकडून. १५० मीटर खोल गेल्यास तापमान तीन-चार अंशांनी वाढते व तेवढा वाटा भूगर्भाचा मानावा लागेल, हे प्रतिपक्षास मान्य करावेच लागते. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानेही घन भूपृष्ठाखाली साठलेली उष्णता ती सर्व भूऔष्णिक, अशी व्याख्या केली आहे. तथापि ही व्याख्या उष्णता कोठे आहे एवढेच सांगते. ती कोठून आली हे सांगत नाही. कायद्यास ते पुरे असेल, पण शास्त्रीय संज्ञेस पुरे नाही. स्वीडिश व्यवहारभाषा या बाबतीत अधिक चोख ठरते. तेथे विवरातून घेतलेली ती ‘खडक-उष्णता’, अंगणातील मातीतून घेतलेली ती ‘माती-उष्णता’, तळ्यातून घेतलेली ती ‘तळे-उष्णता’. ग्राहक जे विकत घेतो त्याचेच नाव घेतो.

उष्ण प्रदेशात हा अर्थदोष अधिक जाचक होतो, कारण तेथे ‘भूऔष्णिक शीतन’ असा वदतोव्याघात पत्करावा लागतो. नागपुरात दहा मीटर खोलीवरील जमीन वार्षिक सरासरीच्या आसपास, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर राहते. मे महिन्यात घरातील उष्णता चव्वेचाळीस अंशांच्या हवेत फेकण्यापेक्षा या जमिनीत सोडणे सोपे, यात शंका नाही. परंतु येथे जमीन उष्णता देत नाही, घेते. आणि हिवाळ्यात ती उष्णता परत काढून घेण्याचे प्रयोजन जेथे जवळजवळ नाही, तेथे भूजल वाहते नसल्यास विवराभोवतीची जमीन वर्षानुवर्षे तापत जाते व यंत्रणेची कार्यक्षमता घटते. ‘भूऔष्णिक’ या शब्दाने मनात अखंड झऱ्याची प्रतिमा उभी राहत असल्यामुळे हा धोका वाचकाच्या लक्षातच येत नाही. विवरांची संख्या आणि त्यांतील अंतर ठरविताना हा गैरसमज महागात पडतो.

नवलाची गोष्ट अशी की, पंडिती संज्ञेने जो भेद हरविला तो मराठी बोलीने जपला आहे. कोकणात उष्ण झऱ्यास ‘उन्हाळे’ म्हणतात. राजापूरजवळ त्याच नावाचे ठिकाण आहे. उन्हाळे आपणहून वाहते, त्यात कोणी काही भरलेले नसते. देशावर धान्य साठविण्याचा जमिनीतील खड्डा तो ‘पेव’. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे ख्यात होती; २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. पेवात भरावे तेव्हाच काढता येते, आणि नुसते भरतच राहिल्यास ते तुडुंब होते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार अकस्मात विपुलतेसाठी वापरला जातो खरा, पण त्या विपुलतेमागेही आधीची साठवण असते. रेक्याविकचे पाणी हे उन्हाळे होय. स्वीडनचा खडक आणि नागपूरची जमीन ही पेवे होत.

‘भूस्रोत उष्णतापंप’ हा पर्याय कोणी सुचवील, परंतु ‘स्रोत’ शब्दाने झराच मागील दाराने परत येतो, शिवाय शीतनात जमीन स्रोत नसतेच. ‘भूसंलग्न उष्णतापंप’ ही संज्ञा जमिनीशी असलेली जोडणी तेवढी सांगते, उष्णतेच्या उगमाविषयी वा दिशेविषयी कोणताही दावा करीत नाही. जमिनीखालच्या नळातून नुसती हवा खेळवून घर थंड करण्याची जी साधी रीत आहे, तिच्यात पंप नसल्यामुळे तिला मात्र हे नाव देता येणार नाही. तिच्यासाठी ‘भूमिगत वातनलिका’ हे साधे वर्णन पुरेसे आहे.