रेडिओचा सुवर्णकाळ: कोणाचा?

अलीकडे दिवाळी अंकांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून रेडिओच्या आठवणींचे उदंड पीक येत आहे. बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज, विविध भारती, गीतरामायण. लेखक बदलतात, आठवणी त्याच राहतात. या लेखनात 'आपण सारे' हे शब्द वारंवार येतात. आमचा प्रश्न या 'आपण'विषयी आहे.

अहेरीत हे लेख वाचताना तो प्रश्न अधिकच टोचतो. बाजारात तेलुगू, पाड्यावर माडिया, कचेरीत मराठी बोलणारे हे गाव. रेडिओ येथेही होता. पण सेट कोणाच्या घरी होता? दुकानदाराच्या, ठेकेदाराच्या, एखाद्या साहेबाच्या. वस्तीतली पोरे ओट्याखाली उभी राहून ऐकत. लहरींना विटाळ नव्हता, ओट्याला होता. ऐकण्याचा आनंद खोटा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण घरात बसून ऐकणारा आणि ओट्याखाली उभा राहून ऐकणारा यांची आठवण एक कशी असेल?

ऐकण्याचे असे, तर गाण्याचे काय? आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. या वाद्यातून श्रुती निघत नाहीत, हे कारण. १९७१ पर्यंत ही बंदी सैल झाली नाही. जलशाची, भजनाची, गायन पार्टीची पेटी ती हीच. गरिबाच्या हाती आलेले वाद्यच अशुद्ध ठरले. १९५२ मध्ये मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी सिनेसंगीतही आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोत्यांनी रेडिओचा कान पिळला आणि सिलोन लावले. अखेर सरकार नमले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. म्हणजे ज्यांच्या हाती सेट होता, त्यांची आवड मानली गेली. ज्यांच्याकडे सेटच नव्हता, त्यांनी कशाचा कान पिळावा?

गीतरामायण पुणे केंद्रावरून १९५५-५६ या वर्षात प्रसारित झाले. माडगूळकर-फडके यांचे ते काम मोठे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला नागपुरात आणि १६ तारखेला आमच्या चांद्यात, लाखो माणसांनी बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर वस्त्यांतून जे गाणे उसळले, ते रेडिओच्या भरवशावर वाढले नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी १९३० च्या दशकातच वाट पाडली होती. वामनदादा कर्डक गावोगाव पायपीट करीत गायले. गाणे कंठातून कंठात, वहीतून वहीत गेले. पुढे कॅसेटवर चढले. मराठी समाजाचे हे दुसरे प्रसारण होते. स्मरणरंजनाच्या लेखांत त्याला ओळभरही जागा मिळत नाही. ही विस्मृती भाबडी नाही. आपल्या दिवाणखान्यालाच महाराष्ट्र समजण्याची ती जुनी सवय आहे.

मात्र हे बोट स्वतःकडेही वळवावे लागेल. आता आमच्यातही कॅसेटच्या दिवसांचे गोडवे गाणारे निघाले आहेत. गावातल्या किती म्हाताऱ्या गायकांची वही आम्ही जपली? १४ एप्रिलच्या आमच्या भोंग्यावर माडिया बाईच्या गाण्याला कधी पाळी मिळाली काय? शेजारच्या छत्तीसगडात २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू झाले. साध्या मोबाईलवरून गोंडी माणूस आपल्या भाषेत गाणे आणि गाऱ्हाणे नोंदवू लागला. दुसऱ्याला ते फोनवर ऐकता येऊ लागले. ओट्याची गरज उरली नाही. कान आणि तोंड दोन्ही माणसाच्या स्वतःच्या हाती आले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. आठवणी जरूर लिहा. पण गाणे कोणते होते याबरोबर ते कोठे उभे राहून ऐकले, आणि कोणाचे गाणे ऐकूच आले नाही, तेही लिहा. एवढे लिहिल्याशिवाय 'आपण' या शब्दावर कोणाचाही हक्क नाही. आमचाही नाही.