बेपत्ता माणूस आणि साहित्यातील त्याची नोंद

दलित साहित्याने मृत्यूची नोंद पुष्कळ घेतली आहे. भूक, मारझोड, जाळपोळ, हत्या यांविषयी आपली कविता आणि आपली आत्मकथने बोलली आणि बोलताना त्यांनी कोणाची भीड ठेवली नाही. परंतु ज्याचे काय झाले हेच कधी कळले नाही, असा माणूस आपल्या लेखनात क्वचितच भेटतो. मी वाचलेल्या आत्मकथनांत तो बहुधा एका वाक्यात येतो. अमका मुंबईला गेला, तो परत आला नाही. पुढच्या वाक्यात लेखक दुसऱ्या विषयाकडे वळतो. त्या माणसाच्या घराने पुढची वीस वर्षे कशी काढली, हा प्रश्न तसाच राहतो. एक मल्याळी चित्रपट आणि एक मल्याळी पुस्तक पाठोपाठ समोर आल्यावर या उणिवेची जाणीव मला झाली. दोन्हींच्या पाठीशी एकच घटना आहे.

ती घटना आणीबाणीतली. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी राजन याला १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी पकडले आणि कक्कयम येथील पोलीस छावणीत नेले. तेथे त्याचा छळ झाला आणि त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. त्याचे वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक होते. ते अधिकाऱ्यांकडे गेले, मंत्र्यांकडे गेले, राष्ट्रपतींपर्यंत अर्ज केले. आणीबाणी उठताच, मार्च १९७७ मध्ये, त्यांनी केरळ उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, अर्ज दाखल केला. राजनला अटक झालीच नव्हती, असे शासनाने शपथेवर सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही. आणीबाणीत गृहमंत्री असलेले आणि नुकतेच मुख्यमंत्री झालेले के. करुणाकरन यांना एप्रिल १९७७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. राजन छावणीत मेला हे शासनाला कबूल करावे लागले. त्याचा देह मात्र बापाच्या हाती कधीच पडला नाही.

याच घटनेच्या सावलीत शाजी एन. करुण यांनी ‘पिरवी’ हा चित्रपट केला. पिरवी म्हणजे जन्म. १९८९ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि म्हाताऱ्या बापाची भूमिका करणाऱ्या प्रेमजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाप रोज नावेतून नदी ओलांडतो, बसथांब्यावर उभा राहतो, शेवटची बस येते, मुलगा उतरत नाही. शहरात जाऊन सत्य कळलेली बहीण ते बापाला सांगू शकत नाही. प्रेमजींचा अभिनय पाहून ज्याच्या घशात आवंढा येणार नाही असा माणूस विरळा. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही या चित्रपटावर माझा आक्षेप आहे. त्यात पाऊस इतका पडतो, नदी इतकी भरून वाहते, की मुलाचे नाहीसे होणे हेही निसर्गाचेच एखादे कृत्य वाटू लागते. ज्या छावणीत, ज्या शासनाच्या हुकमाने मुलगा नाहीसा झाला, ते सगळे धूसर होत जाते आणि पडद्यावर उरते ती वृद्धाची केविलवाणी वाट. प्रेक्षक हळहळतो, पण कोणावर संतापावे हे त्याला कळत नाही. आपल्या प्रस्थापित साहित्यालाही ‘वाट पाहणे’ फार प्रिय आहे. विरहिणीपासून वारकऱ्यापर्यंत वाट पाहण्याला आपण सौंदर्य बहाल केले आहे. बेपत्ता माणसाच्या घरावर मात्र ही वाट कोणीतरी लादलेली असते. ती लादणाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय तिचे चित्रण पुरे होत नाही, असे मला वाटते.

हे नाव वारियर यांनी घेतले. ‘एका बापाच्या आठवणी’ असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो, ते त्यांचे पुस्तक मी इंग्रजी भाषांतरातून वाचले. पाऊस तेथेही आहे. पुस्तकाच्या शेवटी बाहेर पाऊस कोसळतो आणि बाप दार लावत नाही. परंतु तोपर्यंत वाचकाला छावणी माहीत झालेली असते, अधिकारी माहीत झालेले असतात, कोणत्या दारातून कोणते उत्तर मिळाले हेही माहीत झालेले असते. म्हणून तो पाऊस अंगावर येतो, जाब विचारतो. घराची अवस्थाही लेखक झाकत नाही. मुलगा गेला हे त्याला आईपासून लपवावे लागले. ती विचारत राहिली, तो काहीबाही सांगत राहिला. न्यायालयात शासन खोटे बोलले आणि त्या खोट्यामुळे घरात एका सज्जन माणसाला आपल्या बायकोशी वर्षानुवर्षे खोटे बोलावे लागले. बेपत्ता होण्याचा कुटुंबावर होणारा परिणाम याहून स्पष्टपणे लिहिलेला मी वाचलेला नाही. कलात्मकतेच्या नेहमीच्या मानदंडांनी हे पुस्तक कदाचित सामान्य ठरेल. मग ते मानदंडच तपासून घ्यावे लागतील.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी विसरू नये. संविधानातील ३२ वे कलम हा संविधानाचा आत्मा आहे, असे बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले. माझा माणूस हजर करा, असे शासनाला सुनावण्याचा अधिकार त्या कलमातून आणि उच्च न्यायालयांसाठी २२६ व्या कलमातून येतो. राजन नाहीसा झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले की आणीबाणीत हा अर्ज चालणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. हा निर्णय स्पष्ट शब्दांत चुकीचा ठरवायला २०१७ साल उजाडले.

आता वारियर यांच्या पुस्तकाची मर्यादा. ती लेखकाची नाही, समाजाची आहे. हा बाप उच्च जातीतला, प्राध्यापक, अर्ज लिहू शकणारा, मंत्र्याच्या दारात उभा राहू शकणारा. त्यालाही देह मिळाला नाही. मग ज्याला ठाण्याच्या पायरीवरून हाकलतात त्याने काय करावे?

दिल्लीजवळच्या नोएडातील निठारी गावचे उदाहरण घ्या. पोट भरायला आलेल्या मजुरांची, मोलकरणींची मुले तेथून नाहीशी होत होती. आईबाप ठाण्यात जात होते आणि पोर पळून गेले असेल, येईल, असे ऐकून परत येत होते. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्याजवळच्या नाल्यात सांगाडे सापडले, तेव्हा देशाला निठारी हे नाव कळले. दोघांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. पुढे २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटकेचे निकाल दिले. पुराव्याशिवाय कोणालाही फासावर चढवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मुले कोणी मारली, हा प्रश्न जिथे होता तिथेच आला. पहिल्या दिवशी नोंद झाली असती, तपास झाला असता, तर आज हे आईबाप रिकाम्या हाताने बसले नसते.

नोंद करायची की नाही हे पोलिसाच्या मर्जीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये घटनापीठ बसवून सांगावे लागले. ललिता कुमारी या नावाने ओळखला जाणारा तो निकालही नाहीशा झालेल्या एका मुलीच्या बापाच्या अर्जावरचा आहे.

कायदा बेपत्ता माणसाला सात वर्षे देतो. ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे १०८ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ वे झाले आहे. पण ही सात वर्षे मोजायची कोणत्या दिवसापासून? ठाण्यात नोंदच नसेल तर हा दिवस आणायचा कोठून? मृत्यूचा दाखला नाही म्हणून सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढत नाही, बाईला विधवेचे निवृत्तिवेतन मिळत नाही. देह नाही म्हणून जलदान विधी करायला कोणाचा जीव धजत नाही. ती बाई सधवाही राहत नाही आणि विधवाही होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या वस्तीतल्या एका मावशीचा मुलगा कामाला म्हणून गेला आणि परत आला नाही. मी थोडा शिकलेला, म्हणून तिने मला बरोबर नेले. ठाण्यात हवालदार म्हणाला, “फोटो आणा, मग बघू.” मावशी म्हणाली, “साहेब, घरात फोटो एकच हाय, बाबासाहेबांचा.” हवालदार हसला. आम्ही परत आलो. त्यानंतर मावशी रात्री एक भाकरी जास्त थापायची आणि सकाळी ती शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. ती गेली तोपर्यंत हे चालले.

त्या दिवसाची तारीख मला आज सांगता येत नाही. त्या हवालदाराचे नाव मी विचारले नाही. ‘पिरवी’वर घेतलेला आक्षेप म्हणूनच मला स्वतःवरही घ्यावा लागतो. मावशीच्या भाकरीवर मी एकदा कविता लिहिली होती, ती लोकांना आवडलीही. त्या कवितेत ठाणे नव्हते.

आपल्या तरुण लेखकांना आणि कार्यकर्त्यांना म्हणून माझी विनंती आहे. आपापल्या वस्तीत, तांड्यावर, ऊसतोडीच्या टोळीत, वीटभट्टीवर अशी घरे आहेत. तेथे जा आणि आधी लिहून घ्या. माणूस कोणत्या दिवशी गेला, कोणत्या मुकादमाबरोबर गेला, घरचे कोणत्या ठाण्यात गेले, त्यांना काय उत्तर मिळाले, नोंद झाली की नाही. हे लेखन साहित्य ठरेल की नाही याची चिंता समीक्षकांवर सोडा. ज्यांची नोंद शासनाने केली नाही त्यांची नोंद आपणही केली नाही, तर ती माणसे दोनदा नाहीशी होतील.