कुत्र्याचे बक्षीस आणि वर्गातले बक्षीस

कॅरन प्रायर यांचे ‘डोन्ट शूट द डॉग’ हे इंग्रजी पुस्तक १९८४ सालचे. लेखिका मूळच्या डॉल्फिनच्या प्रशिक्षक. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही आणि काठीचा धाक दाखवावा तर तो सरळ पोहत दूर जातो. उरते फक्त शिट्टी आणि मासा. तीच रीत त्यांनी जमिनीवर आणली.

पुस्तकाचे खरे बळ वेळेच्या विवेचनात आहे. कुत्रा बसला की त्याच क्षणी खूण व्हायला हवी. तो उठल्यावर तुकडा दिला, तर बक्षीस उठण्याला मिळते! शिक्षेबद्दलचा मुद्दा मला त्याहून मोलाचा वाटतो. काठी बसली की कुत्रा क्षणभर गप्प होतो. म्हणजे बक्षीस मिळते ते मारणाऱ्याला. म्हणूनच मारण्याची सवय सुटत नाही. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर असलेल्या वर्गांतील कुत्र्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक अधिक वाढलेले आढळले.

मात्र एक कुत्रा, एक मालक असे हे पुस्तक गृहीत धरते. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वालूरला कुत्रा बहुधा गल्लीचा असतो. शाळेत खिचडी शिजू लागली की तो ओसरीपाशी येतो. एक मुलगा दगड मारतो, दुसरा घास टाकतो. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे प्रायरच सांगतात. पण दहा हातांनी शिकवलेल्या अशा कुत्र्याचे काय करायचे, हे त्यांच्याकडे नाही. त्यासाठी कोलकात्याच्या संशोधकांकडे वळावे लागते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरचा विश्वास खाण्यापेक्षा वारंवार गोंजारण्याने अधिक वाढतो, असे त्यांना २०१७ साली दिसले. (मुलांना हा प्रयोग करू देऊ नये, रेबीजची लस आधी, गोंजारणे नंतर.)

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. कुत्रा, खोलीतला सोबती आणि शाळकरी मूल यांना प्रायर एकाच दोरीत ओवतात. आवडीने चित्रे काढणाऱ्या लहान मुलांना लेपर आणि सहकाऱ्यांनी प्रमाणपत्राचे आमिष दाखवले होते. त्यांचा शोधनिबंध १९७३ सालचा, म्हणजे पुस्तकाच्या अकरा वर्षे आधीचा. पुढे मोकळ्या वेळी तीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. बसायला शिकणाऱ्या कुत्र्याला बसण्याची गोडी लागावी, अशी आपली अपेक्षा नसते. वाचायला शिकणाऱ्या मुलाकडून तीच तर असते.