‘साक्षी’ आणि ‘मार्तुस’ : पुनरुत्थानाच्या साक्षीचा अर्थविचार

‘साक्षी’ हा शब्द पाणिनीने (५.२.९१) ‘साक्षात्’ या अव्ययापासून साधला असून प्रत्यक्ष पाहणारा असा त्याचा अर्थ दिला आहे. मराठी बायबलात ग्रीक ‘मार्तुस’साठी हाच शब्द रूढ आहे. त्यामुळे येशूच्या पुनरुत्थानाचे साक्षी म्हणजे ती घटना डोळ्यांनी पाहणारे, अशी समजूत वाचकाच्या मनात सहजच उत्पन्न होते. मूळ ग्रंथांचा तिला आधार नाही. चार शुभवर्तमानांपैकी एकातही येशू कबरेतून उठत असताना कोणी पाहिल्याचे वर्णन नाही. अनुयायांना आढळते ती रिकामी कबर. भेटतो तो उठलेला येशू. मग त्यांची साक्ष नेमकी कशाविषयीची?

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात याचे उत्तर सापडते. यहूदाच्या रिक्त जागी पुनरुत्थानाचा साक्षी निवडावयाचा असता, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या काळापासून जो सतत सोबत होता तोच पात्र, अशी अट पेत्र घालतो. केवळ दर्शनासाठी एवढ्या दीर्घ सहवासाची आवश्यकता नव्हती. ‘हा तोच’ असे सांगण्यासाठी होती. साक्षीचे मर्म येथे दृष्टीत नसून ओळखीत आहे. ‘मार्तुस’चा संबंध अनेक व्युत्पत्तिकार ‘स्मृ’ धातूच्या कुळाशी जोडतात. ही व्युत्पत्ती विवाद्य असली, तरी येथील प्रयोग त्या अर्थाच्या जवळ जातो. योहानकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात मग्दालीया मरियेला येशू दिसतो, पण ती त्याला माळी समजते. नावाने हाक ऐकताच ओळख पटते. लूकच्या वृत्तांतात अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनाही, भाकर मोडली जाईपर्यंत, आपला सहप्रवासी कोण हे कळत नाही.

या निकषात पौल मात्र बसत नाही. इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १५) तो केफा, बारा जण, पाचशेंहून अधिक बंधू, याकोब व सर्व प्रेषित अशी यादी देऊन शेवटी स्वतःचा उल्लेख करतो. तेथे चार वेळा योजिलेले ‘ओफ्थे’ हे क्रियापद मराठीतील ‘त्याला दिसला’ या रचनेसारखेच आहे : कर्ता दिसणारा, पाहणारा चतुर्थीत. पौलाला पूर्वसहवास नव्हता. त्याची साक्ष हाती आलेल्या परंपरेवर व स्वतःच्या दर्शनावर उभी आहे. पुनरुत्थान झाले नसेल तर आपण देवाविषयी खोटे साक्षी ठरू, ही जोखीम तो स्वतःच मांडतो.

याच यादीत मरियेचे नाव नाही. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे योसेफसने यहुदी नियम सांगताना नोंदविले आहे. पेत्राच्या अटीतही पुरुषच अभिप्रेत आहेत. म्हणजे योहानाच्या वृत्तांतात जिला प्रथम ओळख पटली, तिलाच साक्षीच्या अधिकृत गणनेत स्थान मिळाले नाही.

पुढे दुसऱ्या शतकात, पॉलिकार्पच्या मृत्यूच्या वृत्तांतापर्यंत, ‘मार्तुस’ला श्रद्धेसाठी प्राण देणारा हा अर्थ प्राप्त झाला, मराठी ख्रिस्ती लेखनातील ‘रक्तसाक्षी’ हा त्याचाच प्रतिशब्द होय. परंतु प्राणार्पणाने साक्ष देणाऱ्याची निष्ठा सिद्ध होते, घटना नव्हे. म्हणून या वृत्तांतांची चिकित्सा करताना ‘त्यांनी काय पाहिले?’ एवढाच प्रश्न अपुरा ठरतो. ‘त्यांनी कोणाला, कशावरून ओळखले आणि कोणाची ओळख साक्ष म्हणून मान्य झाली?’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारला पाहिजे.