काशीबाई पुढे कुठे गेली?

मलबारींच्या टिपणावर जोतीराव फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी अभिप्राय लिहिला. त्यात काशीबाई भेटते : गोवंड्यांच्या घरी स्वयंपाक करणारी ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्याने फसवले, तिने मूल मारले, जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्री मात्र नुसता ‘शास्त्री’! पुढे फुल्यांनी आपल्याच आवारात अशा विधवांच्या बाळंतपणाची सोय केली. तोवर तिथे ३५ जणी येऊन गेल्या होत्या.

चरित्रकार इथेच काशीबाईला सोडतात. बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या प्रस्तावनेपुरतीच ती त्यांना हवी असते. आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या कैदी बायकांचा माग तिकडचे अभ्यासक उंची, केसांचा रंग नोंदलेल्या जहाजांच्या याद्यांवरून काढतात. आपल्याकडे तिच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्नही कुणी विचारत नाही. अंदमानात स्त्री-कैद्याला काही वर्षांनी कैद्याशी लग्न करता येई. १८५६ च्या कायद्यानंतरही पुण्यातल्या ब्राह्मण विधवेला जे दुरापास्त होते, ते तिथे सरकारच लावून देत होते.