मृताच्या वतीने बोलताना

अँथनी बोर्डेनवरचा ‘रोडरनर’ हा माहितीपट जुलै २०२१मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला. बोर्डेन जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्याच्या चाहत्यांचं सुतक अजून फिटलं नव्हतं. कुणी डोळे पुसत बाहेर पडलं, कुणी दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिलवर विश्वासघाताचा आरोप केला. अनेकांच्या मनात तर या दोन्ही भावना एकाच वेळी होत्या. या प्रतिक्रिया नीट पाहिल्या, की दिवंगत नामवंतांवरच्या माहितीपटांची आजची अडचण लक्षात येते. चित्रफिती, ध्वनिफिती, ईमेल, मोबाइलवरचं चित्रण अशी सामग्री पूर्वी कधी नव्हती इतकी हाताशी आहे. ती वापरताना कुठे थांबायचं, याचे संकेत मात्र अजून रुजलेले नाहीत.

या प्रेक्षकांना बोर्डेन इतका जवळचा का वाटत होता, हे आधी समजून घ्यायला हवं. १९७८मध्ये पाकशास्त्राचं शिक्षण संपवून त्याने अनेक वर्षं न्यूयॉर्कच्या भटारखान्यांत घाम गाळला. ‘ले आल’ या रेस्तराँचा मुख्य शेफ असताना, २००० साली, त्याचं ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तो एकाएकी प्रसिद्धीच्या झोतात आला. पुढची सोळा-सतरा वर्षं तो दूरचित्रवाणीसाठी जगभर फिरला. आपल्याकडेही ‘नो रिझर्व्हेशन्स’ आवडीने पाहिलं जाई. ‘पार्ट्स अननोन’चा एक भाग त्याने पंजाबवर केला. २००६मध्ये बैरूतवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तो तिथेच अडकला होता. ‘नो रिझर्व्हेशन्स’च्या त्या भागात खाणं मागे पडलं आणि युद्धात सापडलेलं शहर पुढे आलं. २०१६मध्ये हनोईतल्या एका साध्या खाणावळीत, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, तो बराक ओबामांसोबत बुन चा जेवला. कार्यक्रमातलं निवेदन तो स्वतः लिहायचा आणि स्वतःच वाचायचा. त्याची खरखरीत, थोडी चिडकी, एकदम हळवी होणारी वाणी हीच त्याची ओळख होती. जून २०१८मध्ये फ्रान्समधल्या कायझर्सबर्गला चित्रीकरणादरम्यान त्याने आत्महत्या केली, तेव्हा बंद पडलेल्या ‘ले आल’च्या दाराशी लोकांनी फुलं आणि चिठ्ठ्या आणून ठेवल्या.

‘रोडरनर’ची ताकद याच ओळखीत आहे. नेव्हिलने बोर्डेनचं बालपण जवळजवळ वगळलं आहे आणि कथा पुस्तकाच्या यशापासून सुरू केली आहे. कॅमेऱ्यापुढे अवघडून उभा राहणारा बोर्डेन हळूहळू त्या माध्यमाचा धनी कसा झाला, हे संकलनातून सुरेख उलगडतं. मुलीसाठी घरी रांधणारा बाप आणि वर्षातले बहुतेक दिवस घराबाहेर काढणारा प्रवासी यांच्यातली ओढाताण तर कुणी समजावून न सांगताही कळते. एरिक रिपेर, डेव्हिड चँग, निर्माती लिडिया टेनाग्लिया असे सुहृद बोलताना अडखळतात, चिडतात, गप्प होतात. त्यांच्या दुःखात राग मिसळलेला आहे आणि दिग्दर्शकाने तो झाकलेला नाही. प्रेक्षकांना रडवणारा हाच भाग होता आणि ते रडणं खरं होतं.

संतापाचं पहिलं कारण आवाजाचं. डेव्हिड चो या चित्रकार मित्राला बोर्डेनने लिहिलेल्या ईमेलमधलं वाक्य पडद्यावर त्याच्याच आवाजात ऐकू येतं. ते त्याने कधी उच्चारलंच नव्हतं. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे कृत्रिम बुद्धिमत्तेने तो आवाज तयार केला होता. चित्रपटात असं थोडंसंच आहे, सुमारे ४५ सेकंदांचं; पण त्याची सूचना पडद्यावर कुठेही नाही. मुलाखतकारांनी छेडलं तेव्हा नेव्हिलने ते सांगितलं आणि शब्द बोर्डेनचेच असल्याचा बचाव केला. आपण संमती घेतली होती, असंही तो म्हणाला. त्यावर, अशी परवानगी आपण दिलेली नाही, असं बोर्डेनपासून विभक्त झालेली त्याची पत्नी ओत्ताविया बुसियाने जाहीर केलं.

शब्द त्याचेच होते, हे मान्य. पण कागदावरचं वाक्य कुठल्या सुरात म्हणायचं, कुठे थांबायचं, कुठला शब्द गिळायचा, हे निर्णय बोलणाऱ्याचे असतात. बोर्डेनचं निम्मं कर्तृत्व या निर्णयांत होतं. ‘पार्ट्स अननोन’च्या सिसिलीवरच्या भागात, तो पाण्यात असताना, शेजारच्या होडीतून कुणीतरी मेलेले सागरी जीव समुद्रात टाकत होतं, म्हणजे ते तिथेच पकडल्याचं दाखवता यावं. तो उबगला आणि निवेदनात त्याने ही बनवाबनवी प्रेक्षकांना उघड सांगितली. अशा माणसाच्या आवाजाबाबत प्रेक्षकांना अंधारात ठेवणं ही मोठी चूक आहे.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. उत्तरार्धात चित्रपट बोर्डेनची प्रेयसी आसिया आर्जेन्तो हिच्याबरोबरच्या त्याच्या नात्यावर स्थिरावतो आणि मृत्यूचं कारण त्या दिशेला असल्याचा आभास निर्माण करतो. तिची मुलाखत मात्र नाही. ती घेतली असती तर नवेच प्रश्न निघत राहिले असते, असं नेव्हिलचं म्हणणं. मला हे पटत नाही. ज्या व्यक्तीवर संशयाची सावली पडते, तिला बोलायची संधी देणं हे माहितीपटाचं किमान कर्तव्य आहे. आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असतं. मित्रांच्या शोकातून निघालेले तर्क संकलनात एकापुढे एक लावले, की ते निष्कर्षासारखे दिसू लागतात.

या वाटेवरचे इतरांचे प्रयत्न पाहण्यासारखे आहेत. आसिफ कपाडियाच्या ‘एमी’मध्ये (२०१५) बोलणाऱ्यांचे चेहरे न दाखवता केवळ त्यांचे आवाज जुन्या चित्रणावर ऐकवले आहेत. गायिका एमी वाइनहाउसच्या वडिलांनी चित्रपट दिशाभूल करणारा असल्याचा आक्षेप घेतला, पण निदान ते स्वतः त्या चित्रपटात आहेत. ‘जूलिया’ (२०२१) ही जूलिया चाइल्डची प्रसन्न कहाणी. वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, २००४मध्ये, कृतार्थपणे गेलेल्या या पाककलातज्ज्ञेवरचा चित्रपट कुणालाही दुखावत नाही, मात्र फारसा खोलही जात नाही. ‘द अँडी वॉरहॉल डायरीज’मध्येही (२०२२) कृत्रिम आवाज आहे. तिथे वॉरहॉलच्या प्रतिष्ठानाची परवानगी घेतली आहे आणि पडद्यावर तसं स्पष्ट नमूद केलं आहे. तंत्र जवळपास तेच असूनही प्रेक्षकांचा रोष तिथे उसळला नाही. म्हणजे प्रेक्षक तंत्राला घाबरलेले नव्हते. त्यांना चीड लपवाछपवीची होती.

म्हणून ‘रोडरनर’ पाहावा, असंच मी सांगेन. पूर्वार्ध कौतुकाने, उत्तरार्ध सावधपणे. आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या संग्रहांत दिवंगत गायक-नटांचे आवाज जपलेले आहेत; उद्या त्यांच्यावरही माहितीपट होतील आणि आवाज घडवण्याचं तंत्र तोवर आणखी स्वस्त झालेलं असेल. ते करणाऱ्यांना विनंती एवढीच: जे घडवलेलं आहे ते घडवलेलं म्हणून सांगा, ज्या व्यक्तीवर संशय घेता तिला बोलू द्या आणि जे कळलेलं नाही ते कळल्यासारखं दाखवू नका. गेलेला माणूस खुलासा करायला परत येत नाही. त्याच्या वतीने जागं राहण्याची जबाबदारी दिग्दर्शकाची आहे आणि त्याच्याइतकीच आपली, प्रेक्षकांचीही आहे.