फलश्रुती आणि पुरावा

गेल्या दहाएक वर्षांत मराठीत एक नवा कथाप्रकार रुजला आहे. आहारविषयक पुस्तकांत, व्याख्यानांनंतरच्या मनोगतांत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत तो भेटतो. आधी एचबीएवनसी अमुक होते, आहार बदलला, तीन महिन्यांनी तमुक झाले, एवढीच कथा. तिच्या दोन टोकांना प्रयोगशाळेचे दोन आकडे असतात.

या कथनाचा साचा मला ओळखीचा वाटतो. श्रावणातल्या कहाण्यांत संकट येते, कोणीतरी वसा सांगतो, तो नेमाने पाळला की फळ मिळते. फळ मिळाले नाही तर दोष वसा घेणारीचा, वशाचा कधीच नाही. आहारकथेत फलश्रुतीची जागा रक्ताच्या अहवालाने घेतली आहे. माझा आक्षेप आहारपद्धतींवर नाही, या वाचनावर आहे. अहवाल हा पुरावा आहे. आपण तो फलश्रुती म्हणून वाचतो.

आधी श्रेय द्यायला हवे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेलेली पद्धत सांगते, की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. शिवाय सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी व उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासा, असेही ती सांगते. ही सूचना मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पथ्य हे सांगणाऱ्याच्या अधिकारावर चालत आले. इथे पडताळा पाळणाऱ्याच्या हातात दिला गेला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे खायला सांगतात. दोन लोकप्रिय सल्ले असे परस्परविरोधी असले, की सामान्य वाचकाची भिस्त आपल्या अहवालावरच राहते. म्हणून तो नीट वाचता येणे गरजेचे.

रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते; म्हणून चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून मधुमेह, ही मोजपट्टी आता सर्वपरिचित आहे. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे: पेशी नेहमीइतकी जगते. लोहाच्या कमतरतेत साखर तेवढीच असूनही हा आकडा वर सरकू शकतो. पेशी लवकर नष्ट होत असतील किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर तो फसवा कमी येऊ शकतो.

हे मला माझ्या धाकट्या बहिणीमुळे कळले. वय ४४. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये तिचे एचबीएवनसी ६.१ आले. तिने सकाळची न्याहारी आणि संध्याकाळचा शेंगदाण्याचा लाडू सोडला, दोन जेवणांवर आली. पाच किलो वजन उतरले. कौतुक करणाऱ्यांत मी पुढे होते. तीन महिन्यांनी आकडा ६.२. "माझंच कुठंतरी चुकत असणार," ती म्हणाली, आणि तिने भाकरीही अर्धी केली. जिना चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा आमच्या जुन्या डॉक्टरांनी पहिला अहवाल मागवला आणि तिसरे पान उघडले. हिमोग्लोबिन ८.९. उपाशीपोटीची साखर ९०, म्हणजे अगदी ठीक. मग फेरिटिन तपासले. ते ६ निघाले. पाळीतल्या अतिरक्तस्रावावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच महिन्यांनी, पूर्वीसारखेच जेवत असताना, एचबीएवनसी ५.६ आले.

ते तिसरे पान पहिल्या दिवसापासून घरात होते. आम्ही ते उलटले नाही, कारण कथेने आम्हाला एकच ओळ वाचायला शिकवले होते. हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे. त्या सगळ्यांचे कारण लोह नसेल; पण अशा राज्यात हिमोग्लोबिन न पाहता एचबीएवनसीवरून स्त्रीच्या ताटातला घास काढणे धोक्याचे आहे.

प्रत्येक चाचणीचा काळही वेगळा असतो. उपाशीपोटीची साखर वर्तमानकाळात बोलते, एचबीएवनसी नजीकच्या भूतकाळात. ट्रायग्लिसराइड्स काही आठवड्यांच्या, कधी कालच्या जेवणाच्याही खुणा दाखवतात. बी-१२ चा साठा काही वर्षे पुरतो. आहारातली उणीव तिथे उशिरा उमटते. मर्यादेबाहेरचा ठळक आकडा म्हणजे आजार, असेही नाही. संदर्भमर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरतात. म्हणजे वीस निरोगी माणसांतला एक त्याबाहेर पडणारच.

आकडा तोच, शरीर वेगळे, याचे उत्तम उदाहरण पुण्याचेच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

आहारकथा लिहिणाऱ्यांकडून आता माझ्या तीन अपेक्षा आहेत. दोन आकड्यांसोबत हिमोग्लोबिन सांगावे. मधल्या काळात कोणती औषधे सुरू होती, कोणती बदलली, हे सांगावे. आणि ज्यांचा आकडा हलला नाही त्यांनाही व्यासपीठावर बोलवावे. माझी बहीण त्यांच्यातली होती. तिला कुणी विचारले नाही, आणि चूक आपलीच या समजुतीने तीही गप्प राहिली.